उभे, अरुंद, कोनदार

विंडोजच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट ऑफिस असेल, तर वर्डमध्ये फाँटांची यादी उघडल्यावर अगदी वरच्या ओळींत एक नाव हमखास दिसतं: एजन्सी एफबी. इंग्रजी वर्णक्रमाच्या कृपेनं त्याला एरियलच्याही आधीची जागा मिळाली आहे. त्यामुळे नाव बहुतेकांच्या नजरेखालून गेलेलं असतं. जिमचं पत्रक, कॉम्प्युटर क्लासची पाटी, इंजिनिअरिंग कॉलेजच्या महोत्सवाचं बॅनर अशा ठिकाणी ते भेटतही राहतं. यातल्या निम्म्या लोकांनी ते निवडलं असेल ते यादीत वर होतं म्हणूनच, असा माझा संशय आहे. पण उरलेल्या निम्म्यांना त्यात काहीतरी 'टेक्निकल' दिसलं. ते काय दिसलं आणि ते तिथे आलं कुठून, हा या प्रकरणाचा विषय.

आधी रूप पाहू. यातला कॅपिटल 'ओ' गोल नाही. तो उभा, अरुंद आयत आहे. फक्त त्याचे चारही कोपरे किंचित वळवलेले आहेत. त्याच आयताची उजवी बाजू मधोमध कापली की 'सी' होतो. डावे दोन कोपरे टोकदार ठेवले की 'डी'. 'एस' म्हणजे तीन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारे दोन उभे तुकडे. रेघेची जाडी सगळीकडे जवळजवळ सारखी, आणि टोकांना सेरिफ, म्हणजे बारीक पाय, नाहीत. वाटोळेपणाला इथे पूर्ण बंदी नसली, तरी त्याला कोपऱ्यापुरतीच जागा आहे.

या रूपाचा मूळपुरुष आहे एजन्सी गॉथिक. (अमेरिकी छापखान्यांत बिनसेरिफ टाइपाला गॉथिक म्हणत, मध्ययुगीन चर्चशी त्याचा संबंध नाही.) अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीसाठी तो १९३२ साली मॉरिस फुलर बेंटन यांनी रेखला. ही कंपनी १८९२ मध्ये २३ टाइप फाउंड्र्यांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली होती, आणि बेंटन १९०० पासून १९३७ पर्यंत तिच्या टाइप-आरेखन विभागाचे प्रमुख होते. फ्रँकलिन गॉथिक, न्यूज गॉथिक, हॉबो, ब्रॉडवे, बँक गॉथिक हे सगळे त्यांच्याच हातचे. एकूण आकडा दोनशेच्या वर जातो.

अक्षरांचा हा माणूस शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर होता. १८७२ मध्ये जन्मलेल्या मॉरिसनं १८९६ साली कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेतली. वडील लिन बॉइड बेंटन यांचं नाव छपाईच्या इतिहासात वेगळ्याच कारणानं आहे. टाइपाचा पंच, म्हणजे ज्याच्यावरून पुढे साचा तयार होतो तो पोलादी ठसा, पूर्वी कारागीर हातानं कोरत असे. मोठ्या आरेखनावरून तो यंत्रानं कोरायचं पँटोग्राफ तत्त्वावरचं यंत्र थोरल्या बेंटननी बनवलं आणि १८८५ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. मुलगा वाढला तो या यंत्राच्या सहवासात. त्याच्या अक्षरांत लेखणीचा हात शोधू गेलं तर फारसं काही सापडत नाही, मोजमाप सापडतं. एजन्सी गॉथिकमध्ये तर छोटी इंग्रजी अक्षरंच नव्हती. होती ती फक्त कॅपिटल अक्षरं, कारण काम ठरलेलं होतं: मथळा.

मथळ्याचं गणित समजून घेतल्याशिवाय अरुंद अक्षर का जन्मतं ते कळत नाही. समजा, दहा फूट रुंदीच्या फलकावर बारा अक्षरांचं नाव लिहायचं आहे. अक्षराची सरासरी रुंदी, शेजारची मोकळी जागा धरून, उंचीच्या ०.७ पट असेल, तर अक्षर जास्तीत जास्त १.२ फूट उंच करता येतं. तीच रुंदी ०.४ पट केली, तर उंची २.१ फुटांच्या जवळ जाते. फलक तेवढाच, भाडं तेवढंच, पण अक्षर पाऊणपट आणखी उंच. एकोणिसाव्या शतकातल्या भित्तिपत्रकवाल्यांना हे गणित कुणी शिकवलं नव्हतं, धंद्यानं शिकवलं.

त्यांच्या मदतीला लाकूड आलं. शिशाच्या मोठ्या खिळ्यांना, म्हणजे टाइपांना, वजन फार, आणि ते ओतताना निवता निवता पृष्ठभाग खोलगट व्हायचा. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी लाकडात अक्षर कोरण्यासाठी फिरत्या पात्याचं यंत्र वापरात आणलं आणि पुढच्याच वर्षी लाकडी टाइपाचा नमुना-कॅटलॉग काढला. आता अक्षर हातभर उंच होऊ शकत होतं. सर्कशी, नाटक कंपन्या, लिलाव, हरवलेल्या माणसांसाठी बक्षिसं यांची भित्तिपत्रकं अशाच टाइपांनी भरली. बिनसेरिफ टाइप तोवर अस्तित्वात होता. लंडनमध्ये विल्यम कॅस्लन चौथे यांनी १८१६ साली त्याचा पहिला नमुना छापला होता. सेरिफ काढल्यानं अक्षर शेजाऱ्याच्या आणखी जवळ सरकवता येतं, हे भित्तिपत्रकवाल्यांनी लगेच हेरलं.

आता मुख्य मुद्दा. अक्षर अरुंद करायचं ठरवलं, की गोलाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो.

रुंद 'ओ' हे वर्तुळ आहे. त्याला दोन्ही बाजूंनी दाबलं की लंबवर्तुळ होतं. ४० रुंद आणि १०० उंच अशा चौकटीत बसणारं लंबवर्तुळ त्या चौकटीचा फक्त ७८.५ टक्के भाग व्यापतं. तीच पोकळी आयताकृती केली, तर तेवढ्याच रुंदीत आतली पांढरी जागा सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. वाचकाच्या डोळ्याला अक्षर ओळखायला ही आतली पांढरी जागा लागते. जाड मथळ्यात ती मुळातच चिंचोळी असते, शाई पसरली की आणखी आटते. म्हणजे गोल सोडून आयत धरणं हा चवीचा निर्णय नाही. त्यात २७ टक्के नफा आहे.

नफा आणखी एका ठिकाणी आहे, आणि तो जास्त मोठा. दोन गोल शेजारी ठेवले, तर ते पोटापाशी जवळ येतात आणि वर-खाली त्यांच्यामध्ये त्रिकोणी मोकळ्या जागा उरतात. त्या जागा कुठल्याच अक्षराच्या कामाच्या नसतात. दोन आयत शेजारी ठेवले, तर मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी राहते, आणि म्हणून ती बरीच बारीक ठेवता येते. अक्षर अरुंद झालं, अंतरही कमी झालं. जागेची बचत अशी दुहेरी होते. बेंटन यांना कोनदार अक्षर आवडत असेल-नसेल, अरुंदपणाच्या टोकाला गेल्यावर त्यांना तिथेच पोचणं भाग होतं.

वर्तुळ आणि आयत यांच्या मधली वाट गणितात आहे. डेन्मार्कचे पीट हाइन यांनी स्टॉकहोममधल्या सर्गेल्स टोर्ग या चौकाच्या रचनेसाठी १९५९ साली ती वापरली. लंबवर्तुळाच्या समीकरणातला घातांक २ असतो, तो त्यांनी २.५ केला. आकार फुगून कोपऱ्यांकडे सरकला, पण टोकदार झाला नाही. याला सुपरइलिप्स म्हणतात. टाइपाच्या दुनियेत हा फुगवटा त्याआधीच, १९५२ मध्ये, इटलीतल्या नेबिओलो फाउंड्रीच्या मायक्रोग्रामात आला होता, आणि त्याच फाउंड्रीत आल्डो नोवारेसे यांनी १९६२ साली त्यावरून युरोस्टाइल घडवला. त्या काळच्या टीव्हीच्या पडद्याचा आकार आठवा. तसा त्याचा 'ओ' आहे. एजन्सी गॉथिक याच्यापेक्षा कोरडा. त्यात फुगवटाही नाही. सरळ बाजू आणि एक आखडतं वळण, बस्स.

धातूच्या जमान्यात अरुंद अक्षर हवं तर वेगळं रेखावं, वेगळं कोरावं आणि वेगळं ओतावं लागे. बेंटननीच १९०३ साली आल्टर्नेट गॉथिक नावाचा टाइप एकाच उंचीच्या तीन रुंद्यांत केला. मथळा स्तंभात बसत नसेल, तर जुळारी टाइपाची एक पेटी सोडून दुसरी घ्यायचा. (यातला दोन नंबरचा टाइप पुढे यूट्यूबच्या पहिल्या बोधचिन्हात आला. ज्यांनी तो पाहिला त्यांतल्या किती जणांना तो १९०३ सालचा आहे असं वाटलं असेल?) संगणक आल्यावर ही शिस्त मोडली. आता माउसनं अक्षर दोन्ही बाजूंनी दाबता येतं. असं ६० टक्क्यांवर दाबलेलं अक्षर पाहा: आडवी रेघ १० होती ती १०च राहते, उभी रेघ १० होती ती ६ होते. अक्षराचा भार आडवा पडतो आणि उभे खांब अशक्त दिसतात. आपल्याकडच्या फ्लेक्सवर सभेच्या अध्यक्षांचं लांबलचक नाव जे केविलवाणं दिसतं, त्यामागे बरेचदा हेच कारण असतं. कार्यकर्त्याचा उत्साह मोठा, ओळ लहान, आणि फाँट दाबायला कुणाची हरकत नाही.

पण खऱ्याखुऱ्या अरुंद टाइपालाही मर्यादा आहेत, आणि त्या रस्त्यावर सगळ्यात आधी कळतात. अमेरिकेच्या महामार्गांवरच्या पाट्यांसाठी जी प्रमाण वर्णमाला आहे, तिच्यात ए ते एफ अशा चढत्या रुंदीच्या मालिका होत्या. सगळ्यात अरुंद असलेली ए मालिका वाचता येत नाही म्हणून बाद झाली. जर्मनीच्या डीआयएन १४५१ या मानकातही अरुंद आणि मध्यम असे दोन अवतार आहेत. अरुंद अवतार काढतात तो गावाचं नाव लांब असलं तर. वेगात जाणाऱ्या माणसाला अक्षराची उंची उपयोगी पडते हे खरं, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. त्यापुढे उभ्या रेघा एकमेकींत मिसळतात. अरुंद, कोनदार टाइपात तर सगळ्या अक्षरांच्या बाजू सरळ; शब्द खिडकीच्या गजांसारखा दिसू लागतो आणि डोळा गज मोजत बसतो. शिवाय 'ओ', 'डी', 'क्यू' आणि शून्य यांच्यातला फरक कोपऱ्यापुरता उरतो. '८' आणि 'बी', '५' आणि 'एस' यांचंही तसंच. गाडीची नंबरपाटी किंवा औषधाची मात्रा अशा टाइपात छापू नये हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मग तो चालतो कुठे? जिथे शब्द थोडे आहेत, वाचकाला ते आधीच अंदाजानं ठाऊक आहेत, आणि जागा उभी मिळते पण आडवी मिळत नाही. खेळाच्या प्रक्षेपणात पडद्याच्या कोपऱ्यात धावफलक असतो: दोन संघांची आद्याक्षरं, धावा, बळी, षटकं. सामना झाकता कामा नये आणि आकडा घरातल्या शेवटच्या खुर्चीवरून दिसला पाहिजे. तिथे अरुंद आकडे हवेतच. चित्रपटांच्या पोस्टरवर तळाशी उंच, काडीसारख्या अक्षरांत श्रेयनामावली असते, तिची कथा आणखी मजेशीर आहे. हॉलिवूडच्या करारांत कलाकार-तंत्रज्ञांच्या नावाचा आकार शीर्षकाच्या अमुक टक्के असावा अशी अट असते. आकार मोजायचा तो उंचीनं. रुंदीबद्दल करार गप्प असतो. मग आरेखक युनिव्हर्स ३९ सारखे अतिअरुंद टाइप काढतात. अट पुरी होते आणि चित्राची जागाही वाचते. वकिलांनी घडवलेलं टाइपाचं हे रूप इतकं रुजलं की आता तशी अक्षरं दिसली की माणसाला 'सिनेमा' आठवतो, मग त्यात काय लिहिलंय हे वाचता न आलं तरी.

हाच प्रकार कोनदारपणाच्या बाबतीत झाला, फक्त तिथे सिनेमाऐवजी यंत्र आणि भविष्य आलं. सरळ रेषेत कापणं, कोरणं, दिवे लावणं हे वळणापेक्षा सोपं असतं. अमेरिकी महाविद्यालयांच्या खेळाडूंच्या जर्सीवर जाड कापडाची अक्षरं कापून शिवत, ती सरळ कापली की काम लवकर उरकायचं. त्यातून अष्टकोनी कोपऱ्यांचं 'ब्लॉक' अक्षर आलं. १९७० च्या दशकात कॅल्क्युलेटर आणि घड्याळांवर सात पट्ट्यांचे आकडे आले. त्यांत वळणाला जागाच नव्हती. संगणकाच्या सुरुवातीच्या पडद्यांवर ठिपके मोजके असत. उभी-आडवी रेघ स्वच्छ उमटायची आणि तिरपी रेघ पायऱ्या पायऱ्यांची दिसायची. यंत्रं जे आकडे-अक्षरं दाखवत ती कोनदार होती, ती नाइलाजानं. बघणाऱ्यानं मात्र उलटा धडा घेतला: कोनदार म्हणजे यंत्राचं. विज्ञानकथांनी तो धडा घोटवून घेतला. १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'त युरोस्टाइलचा रुंद अवतार दिसतो. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेत मायकेल ओकुडा यांनी अंतराळयानाचे पडदे रेखले, त्यांवरची अक्षरं अतिअरुंद, सरळ बाजूंची आहेत. बेंटन यांचा १९३० सालचा बँक गॉथिक, जो व्हिजिटिंग कार्डासारख्या बारीक छपाईत चाले, तो अंतराळयुद्धांच्या पोस्टरांवर इतका चढला की आता त्याचा कंटाळा येतो. महामंदीच्या ऐन काळात अमेरिकेतल्या एका कारखान्यात घडलेली अक्षरं तेविसाव्या शतकाची प्रतिनिधी ठरली आहेत, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

एजन्सी गॉथिकचं पुनरुज्जीवन याच हवेत झालं. डेव्हिड बर्लो आणि रॉजर ब्लॅक यांनी १९८९ साली फाँट ब्यूरो नावाची संस्था काढली. एजन्सी एफबीतलं 'एफबी' ते हेच. बर्लो यांना बेंटनच्या त्या एकट्या कॅपिटल संचात दम दिसला. १९९० मध्ये त्यांनी त्याला छोटी अक्षरं आणि एक जाड अवतार दिला. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. कॅपिटल 'ओ' आयत होणं सोपं आहे, पण छोट्या 'ए', 'ई', 'जी' यांच्या पोटात दोन-दोन मजले असतात, आणि उंची कॅपिटलपेक्षा कमी. तीन आडव्या रेघा तेवढ्यात बसवायच्या, कोपरे वळवायचे आणि तरी पोकळी शिल्लक ठेवायची. बेंटननी या भानगडीत न पडता सुटका करून घेतली होती. बर्लोंनी ती निस्तरली. पुढे टोबायस फ्रेअर-जोन्स आणि जोनाथन कोरम यांच्यासह त्यांनी १९९५ पर्यंत पाच जाड्या आणि पाच रुंद्या अशी मोठी मालिका उभी केली. ऑफिसबरोबर आपल्याकडे येतात ते त्यातले फक्त दोन अवतार, साधा आणि ठळक. मूळ अरुंद टाइपाला रुंद भावंडं देण्याची कल्पना मला थोडी विचित्र वाटते: जागेच्या टंचाईतून आलेला आकार आता भरपूर जागा असतानाही वापरता यावा, यासाठी एवढी मेहनत. पण ग्राहकाला तोच आकार हवा होता. टंचाई हे त्याचं कारण होतं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

देवनागरीत हे सगळं आल्यावर काय होतं?

आपल्या लिपीचं पारंपरिक वळण बोरूचं आहे. तिरक्या टोकाच्या बोरूनं रेघ दिशेप्रमाणे जाड-बारीक होते. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनीही तो जाड-बारीकपणा इमानानं जपला. सारख्या जाडीच्या कोनदार अक्षरात बोरू पूर्ण बाद होतो. त्याचं दुःख करायचं की नाही हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा भाग. खरी अडचण वाचनाची आहे.

'व' आणि 'प' शेजारी ठेवून पाहा. 'व'चं पोट कान्याला चिकटलेलं असतं आणि शिरोरेषेपासून सुटं असतं. 'प'ची डावी बाजू शिरोरेषेतूनच उतरते. गोल वळणात हे दोघं लांबूनही वेगळे कळतात, कारण 'व' वाटोळा आहे आणि 'प' नाही. 'व'चं पोट चौकोनी केलं, की फरक राहतो तो फक्त पोट आणि शिरोरेषा यांच्यातल्या फटीचा. जाड फाँटात, लहान आकारात किंवा शाई पसरली तर ती फट बुजते आणि 'वाट'चा 'पाट' होतो. 'ब' आणि 'ष' ही याच जोडीची पोटात तिरकी रेघ असलेली भावंडं, त्यांचंही तेच. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांचा फरक आधीच शिरोरेषेच्या तुटण्यावर आणि छोट्या गाठीवर टेकलेला आहे. रोमन लिपीत अडचण 'ओ', 'डी'सारख्या मोजक्या अक्षरांची होती. इथे ती निम्म्या वर्णमालेला भिडते.

दुसरी अडचण कान्यांची. आपल्या बहुसंख्य अक्षरांत उभी रेघ आहे, वर आकाराचा काना वेगळा. 'मामा' हा साधा शब्द अरुंद, कोनदार फाँटात लिहिला की जवळजवळ सारख्या अंतरावर सहा उभ्या रेघा मिळतात, आणि वरून शिरोरेषेनं त्या सगळ्या बांधलेल्या. म्हणून देवनागरीत अंतरं सारखी ठेवणं हा गुण नव्हे. अक्षराच्या आतली फट आणि दोन अक्षरांमधली फट यांत जाणवेल इतका फरक मुद्दाम ठेवावा लागतो. तेवढी रुंदी हातची जाते.

तिसरी अडचण उंचीची. रोमन कॅपिटल अक्षर ओळीची सगळी उंची एकटंच घेतं. देवनागरीची ओळ तीन मजली: वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. अक्षर उंच केलं की तिन्ही मजले वाढतात. मग दोन ओळींच्या मथळ्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर येऊन बसतो, किंवा ओळी एकमेकींपासून लांब ठेवाव्या लागतात आणि वाचवलेली जागा तिथे खर्च होते. यावरचा उपाय म्हणजे मधला मजला उंच आणि वरचे-खालचे बुटके. चिन्हं बुटकी केली की ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी नीट वेगळी दिसेल ना, याची काळजी घ्यायची.

इतकं असूनही असे फाँट झाले आहेत, आणि चांगले झाले आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीनं २०१४ मध्ये मुक्त परवान्याखाली काही देवनागरी फाँट प्रसिद्ध केले. त्यांतला मनुषी पारीख यांचा तेको हा या जातीचा ठळक नमुना. रेघ जवळजवळ एकाच जाडीची, प्रमाण चौकटीचं, आणि हेतू उघड सांगितलेला: मथळा. त्याच्या पाच जाड्यांची कामंसुद्धा वाटून दिली आहेत. मधल्या जाड्या लांब मथळ्यांसाठी, सगळ्यात जाड एक-दोन शब्दांपुरती, सगळ्यात बारीक खूप मोठ्या आकारासाठी. ही वाटणी फार कमी लोक पाळतात. राजधानी हा त्याच वर्षीचा दुसरा, तोही चौकोनी आणि अरुंद, पण तब्येतीनं सडसडीत. खंडही अरुंद आहे, मात्र त्याची वळणं जास्त मवाळ. तिन्हींत रोमन अक्षरं सोबत असल्यामुळे 'आयपीएल' देवनागरीत आणि लगेच शेजारी इंग्रजी आकडे अशी खिचडी करणाऱ्यांची सोय झाली. बातम्यांची संकेतस्थळं, यूट्यूबच्या मराठी वाहिन्यांची चित्रं, क्रिकेटची वेळापत्रकं या सगळ्या ठिकाणी आता असल्या अक्षरांचा सुळसुळाट आहे. काही जागी तो शोभतो. लग्नपत्रिकेवर आणि दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत शोभत नाही, आणि मी दोन्ही पाहिले आहेत.

फाँट नव्हते तेव्हा आपल्याकडे जागेची टंचाई नव्हती असं नाही. वृत्तपत्रातली नाटकाची जाहिरात स्तंभाच्या रुंदीवर आणि सेंटिमीटरवर विकली जाते. निर्मात्याला नाव मोठं हवं आणि खर्च छोटा. कमल शेडगे यांनी अशा जाहिरातींसाठी असंख्य नाटकांची शीर्षकं हातानं घडवली, तेव्हा प्रत्येक शीर्षकातलं अक्षर त्या शीर्षकापुरतं ताणता, दाबता किंवा शेजाऱ्याच्या खाली सरकवता येत होतं. एखादा 'ळ' जागा खायला लागला, तर त्या एकाच 'ळ'ला वेगळं वळण देता यायचं. फाँटाला ही मुभा नाही. त्यातला 'ळ' 'बाळ'मध्ये, 'काळोख'मध्ये आणि 'नारळीकर'मध्ये एकसारखाच असणार.

आणि 'ळ' हे अरुंद फाँटापुढचं खास मराठी संकट आहे. शेजारी शेजारी दोन पोटं, काना नाही, आणि अक्षर वापरात भरपूर. दोन्ही पोटं चौकोनी करून अरुंद केली, तर ते अक्षर न राहता जाळी होते. रुंद ठेवलं, तर अख्ख्या ओळीत तेच डोळ्यात भरतं. 'ल' आणि 'श' यांचीही मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि राज्य शासनानं २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरवताना ती स्पष्ट केली. अनेक युनिकोड फाँटांत हिंदी 'ल' आधी येतो आणि मराठी वळण आत दडलेलं असतं. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तरच ते बाहेर पडतं. मराठी 'ल' हाही दोन वाटोळ्या पोटांचा, म्हणजे चौकोनी साच्यात बसवायला 'ळ'इतकाच चिवट. म्हणून मराठी मथळ्यासाठी असा फाँट घेताना कंपनीनं नमुन्याला दिलेलं सुबक वाक्य पाहण्यात वेळ घालवू नये. 'वाटपाचा पाट', 'लाळ', 'शीळ', 'घरधनी', 'रत्नागिरीतील धुळीची वादळं' असे शब्द टाकावेत, छापायच्या आकारात छापावेत आणि पाच-सहा फुटांवरून वाचून पाहावेत.